हार घातलेला नळ

श्रीवर्धन

आये, पाया पडते.

खोली चांगली आहे, जेवते वेळेवर. फोनवर तू रडतेस म्हणून लिहिते.

दादूसने सांगितलं ते खरं आहे. नळयोजनेच्या उद्घाटनाला मी साहेबांना नडले. नळाला हार घातला होता आणि ‘काम पूर्ण’ म्हणून इंजिनियरची, म्हणजे माझी, सही हवी होती. तूच सांग, कल्ले उघडून बघितल्याशिवाय तू कधी मावरं घेतलंस का? मीही हार बाजूला करून नळ सोडला. नुसता वारा आला! वाडीतल्या बाया खो खो हसल्या, साहेबांचा पारा चढला. सही केली नाही.

बाबांचा खोकला कसा आहे? तिकडे रेवसला गावात कुणी काही बोललं तर मान खाली घालू नकोस.

बदली करणार म्हणतात. करू देत. जिथे पाठवतील तिथेही नळ असतीलच.

तुझीच हट्टी,
विनिता