दीपगृहाच्या दाराबाहेरचे बूट

प्रिय नाना,

तुम्ही आमच्याकडे ईलिंगला चार वर्षं राहिलात, पण तुम्हाला पत्र असं मी कधी लिहिलं नाही. फ्रिजवर चिठ्ठ्या चिकटवल्या, ‘आमटी गरम करून घ्या’ किंवा ‘बॉयलरवाला येणार आहे, दार उघडा’, एवढ्याच. सासऱ्यांना लिहिण्यासारखं सुनेकडे यापेक्षा जास्त काही असेल, असं मला वाटलं नव्हतं.

आज लिहितेय त्याला कारण आहे. सकाळी क्रॉयडनच्या प्रिंटरचा फोन आला. ‘ओवी आणि बंद दीपगृह’च्या प्रती संपल्या, दुसऱ्यांदा छापायचं आहे, तर चित्रांत काही बदल असतील ते शुक्रवारपर्यंत कळवा म्हणाला. त्याच्याकडे एक मुलगी आहे, ती कॉम्प्युटरवर ओवीच्या पायांत बूट घालून देईल. तुमच्या चित्रांना हात लावू द्यायचा की नाही, हे मला ठरवायचंय. पण त्याआधी तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी. ती मी मुद्दाम सांगितली नव्हती.

आपलं दोघांचं फार जमायचं असं काही नाही. तुम्हाला माझा चहा पाणचट लागायचा आणि मला तुमचा रेडिओ मोठा वाटायचा. पुस्तकाचं निघालं ते तुमच्या नातीमुळे, इरामुळे. ती लायब्ररीतून दर आठवड्याला सहा पुस्तकं आणायची. त्यांत गुहेत शिरणाऱ्या, चोर पकडणाऱ्या मुली ढिगाने होत्या, पण तिच्यासारख्या नावाची एकही नव्हती. आपल्यासारखी माणसं जिथे असायची तिथे एक तर लग्न असायचं, नाहीतर हत्ती. म्हणून मी ओवी लिहिली. नऊ वर्षांची, ईलिंगची, डब्यात थालीपीठ नेणारी आणि सुट्टीत कॉर्नवॉलच्या दीपगृहाचं कोडं सोडवणारी.

प्रकाशकांचे नकार गोड शब्दांत आले. एका बाईंनी सुचवलं, नायिका इंग्लिश करून ओवीला तिची मैत्रीण केलं तर? तेव्हा मी ठरवलं, आपणच छापायचं. तुमचा लेक मंदार नेहमीसारखा ‘बघ बाई’ म्हणाला. तुम्ही मात्र वर्तमानपत्र खाली ठेवून विचारलंत, “चित्रं कोण काढणार?”

तुम्ही आयुष्यभर पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होतात. धरणं आणि कालवे सोडून तुम्ही काही काढलेलं मी पाहिलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी आमच्या डायनिंग टेबलवर ड्रॉइंग बोर्ड आला आणि आम्ही सोफ्यावर बसून जेवायला लागलो. ओवी राहिली बाजूला, तुम्ही आधी दीपगृहाचा प्लॅन काढलात, मग उभा छेद. पायऱ्यांची उंची किती, दार आत उघडतं की बाहेर, हे मला विचारत राहिलात. मला काय माहीत? मी गोष्ट लिहिली होती, बांधकाम केलं नव्हतं.

एकदा तुम्ही विचारलंत, “वैदेही, तुझ्या गोष्टीतला तो म्हातारा दीपगृहातच राहतो का? म्हणजे झोपतो, जेवतो तिथेच?” मी लॅपटॉपमधून मान वर न करता म्हटलं, “हो, राहतो की.” तुम्ही “बरं” म्हणालात आणि कामाला लागलात.

इरा तुमच्या खांद्यावरून बघायची. एक दिवस तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, “आजोबा, ओवीचा नाक माझ्यासारखा का आहे?”

“घरात दुसरं मॉडेल कोण आहे?” तुम्ही म्हणालात. ती दिवसभर आरशासमोर होती.

प्रुफं आली ती मी तपासली, मंदारने तपासली, इथल्या मराठी मंडळातल्या चार घरांनी तपासली. स्वल्पविराम सापडले, एक उलटं पान सापडलं. पण दीपगृहाच्या दाराबाहेर ओवीचे बूट जोडीने ठेवलेले आहेत आणि आत ती अनवाणी जिना चढते आहे, हे एकालाही दिसलं नाही. आणि मी शेजारच्याच पानावर लिहिलं होतं की ओल्या पायरीवर तिचे बूट घसरले! दाराबाहेर चपला-बूट नसते तरच आपल्या लोकांना चुकल्यासारखं वाटलं असतं. पुस्तक छापून झालं, खोकी हॉलमध्ये येऊन पडली.

ब्रॅकनेलच्या एका प्राथमिक शाळेने मला वाचायला बोलावलं होतं, आठवतं? आपलं पुस्तक पहिल्यांदाच परक्या मुलांसमोर जाणार होतं. तीस मुलं गालिच्यावर बसली होती. मी ते पान दाखवलं मात्र, पुढच्या एका मुलीने विचारलं, “मिस, तिचे बूट कुठे गेले?” सगळा वर्ग पुढे सरकला. टीचरनेही चष्मा लावून पाहिलं.

घरी आले तेव्हा तुम्ही दारातच उभे होतात. “काय म्हणाली मुलं?”

मी म्हटलं, “मुलांनी चूक पकडली, नाना. इथे कुणी दीपगृहात बूट काढून जात नाही. तुम्हाला इथलं कळत नसेल तर विचारत जा. पुढच्या पुस्तकासाठी मी कुणीतरी प्रोफेशनल बघते.”

तुम्ही “बरं” म्हणालात. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रॉइंग बोर्ड कपाटामागे गेला होता. “टेबल मोकळं केलंय,” एवढंच तुम्ही सांगितलंत. आम्ही पुन्हा टेबलवर जेवायला लागलो.

आता उरलेलं अर्धं ऐका. त्या वर्गात मी काही बोलण्याआधीच मागून एक भुऱ्या केसांची मुलगी म्हणाली, “पण तिथे तो म्हातारा राहतो ना? मग ते त्याचं घर झालं. अमिनाच्या घरी आम्ही पण बाहेरच काढतो.” बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्यांच्या दृष्टीने विषय संपला. पुढचा प्रश्न होता, दीपगृहात टॉयलेट असतं का.

नाना, तुमचं चित्र त्या मुलीला एका नजरेत कळलं होतं. हे मी तुम्हाला का सांगितलं नाही? कारण ते सांगितलं असतं तर चूक माझी ठरली असती. तुम्ही विचारलं होतंत आणि मी मान वर केली नव्हती. टीचरसमोर झालेली फजिती मला कुणावर तरी ढकलायची होती आणि तुम्ही दारातच सापडलात. नंतर सांगू, नंतर सांगू करत चार महिने गेले आणि जानेवारीत तुम्हीच गेलात. आपण पुस्तक बिघडवलं, असं समजून गेलात. याची मला लाज वाटते.

क्रेमॅटोरियमची तारीख मिळायला दोन आठवडे लागले. मी फॉर्म भरले, लोकांना चहा दिला. रडू आलं नाही.

गेल्या महिन्यात मंदारने तुमचं कपाट आवरलं, तेव्हा एक फाइल निघाली. दुसऱ्या पुस्तकाचे मी टाइप केलेले कागद हॉलमध्ये पडलेले असायचे, ते तुम्ही वाचलेले दिसतात. कुणी सांगितलं नसताना पेन्सिलने नऊ चित्रं काढलीत. नऊच्या नऊ चित्रांत ओवीच्या पायांत बूट आहेत. बोटीवर आहेत, ठीक. पण स्वयंपाकघरातही आहेत, आजीच्या पलंगावरही आहेत, लेस नीट बांधलेली. शेवटच्या चित्रात ती देवघरासमोर हात जोडून उभी आहे, बूट घालून. अंघोळीशिवाय देवांकडे न फिरकणाऱ्या माणसाने हे कसं काढलं असेल? पायांपाशी कागद खोडून खोडून पातळ झालाय. मी ते चित्र घेऊन जिन्यात बसले आणि खूप रडले. इरा येऊन शेजारी बसली.

तेव्हा शुक्रवारची वाट न बघता प्रिंटरला आत्ताच कळवते. चित्रं आहेत तशीच छापायची. बदलायचं आहे ते माझं वाक्य. ओल्या पायरीवर ओवीचा पाय घसरेल, बूट नाही.

दुसऱ्या पुस्तकातही तुमच्या चित्रांना दुसरं कुणी हात लावणार नाही, हा शब्द देते. फक्त त्या शेवटच्या चित्रातले बूट मी स्वतः खोडणार आहे. पावलं काढायला मला येत नाहीत. इराला देवापुढे अनवाणी उभं करीन आणि बघून बघून काढीन. बोटं वाकडी आली तर मुलांना सांगेन, ती माझी चूक आहे, आजोबांची नाही.

तुमची सून,
वैदेही