मांडवाच्या चौकोनातलं पाखरू

कोसाड, सुरत
आखाजीनंतरचा सोमवार, १९९६

रामदासभाऊंना लोटूचा रामराम. अमळनेरच्या उन्हाने तुमचं बी.पी. वाढलं नसेल, तर या पत्राने वाढेल, म्हणून आधी पाणी पिऊन घ्या. (वहिनींना पत्र दाखवू नका. त्यांच्या पोटात गोष्ट राहत नाही.)

तुमच्या भाचीच्या, चंचलच्या लग्नाचा मांडव आमच्या घरामागच्या मोकळ्या जागेत पडणार. तुमच्या बहिणीने, शोभाने तिथे चुन्याने चौकोनही आखलाय. शनिवारी दिवेलागणीला तिकडून चुकचुकचुक असा आवाज येऊ लागला. माझी हयात माग दुरुस्त करण्यात गेली; मला वाटलं, कुणीतरी चोरून माग बसवलाय आणि त्याला तेल घालायची अक्कल नाही. मी तेलाची कुप्पी घेऊन निघालो. (हसू नका. कोरडा माग ऐकला की माझे हात शिवशिवतात.) चौकोनात पाय टाकणार, तोच समोरचं ढेकूळ उडालं! कुप्पी पायजम्यावर सांडली. ढेकूळ पुढे जाऊन पंख मोडल्यासारखं फडफडू लागलं. रातवा होता तो, रात्री हिंडणारं पाखरू, अगदी मातीच्या रंगाचं. आणि माझ्या पायाशी, उघड्या जमिनीवर, दोन अंडी. पाऊल वीतभर पुढे पडतं तर संपलंच होतं.

बुधवारी खड्डे खणायला मजूर येणार. शोभाला खरं सांगावं, तर रात्रीचं पाखरू म्हणजे तिच्या लेखी घुबडाचा सख्खा भाऊ. व्याह्यांच्या कानावर गेलं तर सोयरीक मोडायची. न सांगावं, तर अंड्यांवर पहार. मांडव पिंपळाकडे घेऊ असं नुसतं सुचवलं, तर "मांडव तठेच पडी!" म्हणून तिने लाटणं आपटलं. संध्याकाळी ते पाखरू दिव्याभोवतीचे किडे उडता उडता टिपतं आणि परत अंड्यांवर बसून दिसेनासं होतं.

ता.क. पत्र अमळनेरला निघालेल्या शेजारच्या दगाच्या हाती आजच्याच गाडीने धाडतोय. पोरीच्या मामाचा शब्द शोभा खाली पडू देत नाही. उद्या आमच्या कोपऱ्यावरच्या पीसीओवर फोन करून, ब्राह्मणाने मांडव पिंपळाकडेच सांगितलाय, असं ठोकून द्या. हात जोडतो.

ता.क. दादा, मी शोभा. दगाच्या पिशवीत भाकरी भरताना हे पत्र हाती लागलं. अंडी मी यांच्याआधी पाहिलीत. पोरांनी तिथे क्रिकेट खेळू नये म्हणूनच चुना टाकला, आणि म्हणूनच मांडव तिथेच असं सगळ्यांना ओरडून सांगते. खड्डे पिंपळाकडे खणायचे, हे मजुरांना कधीच बजावलंय. रात्रीच्या पाखराला हेच भितात, म्हणून यांना बोलले नाही. तरी फोन कराच, जरा रागावून. मी कुरकुरत ऐकेन. पोरीच्या लग्नात एक गोष्ट तरी आपल्या मनासारखी झाली, असं यांना वाटू द्या.