हिरव्या चुड्याचं माप

येलहंका, बेंगळुरू
११ नोव्हेंबर २०२५

ती. अक्कास,
धाकट्या नीलिमाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू मनानेच भरतेस, म्हणून हा कागद घेऊन बसले आहे.

रविवारी सिद्धीचं डोहाळजेवण छान पार पडलं. शुभंकर तिला घेऊन शनिवारीच सर्जापूर रोडहून आमच्याकडे आला होता. सूनबाईंना आता आठवा लागलाय. चेहरा असा भरलाय की पुण्याहून आलेली तिची आईसुद्धा बघत राहिली. शेजारच्या बायकांनी तर मुलगीच होणार म्हणून निकालही देऊन टाकला.

तक्रार एकच आहे, आणि ती तुझी. तू पाठवलेला हिरवा चुडा लहान निघाला! उजव्या हातात साबण लावून कशाबशा चढवल्या, त्यातही एक वाढलीच. डाव्या हाताला पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा नाद सोडला. काल मी आणि हे मेट्रोने चिकपेटेच्या बाजारात गेलो आणि दोन मापं मोठ्या आणून तिच्या डाव्या हातात भरल्या. आप्पांच्या बांगड्यांच्या दुकानात वाढलेली तू, आणि तुझं माप चुकावं! अक्कांना चष्मा बदलायला सांग, असा ह्यांचा निरोप आहे.

बाकी सगळं ठीक. सिद्धीचं डोकं दोन दिवस ठणकतंय, मधूनच डोळ्यांपुढे काजवे चमकतात म्हणते. दिवसभर लॅपटॉपसमोर बसल्यावर दुसरं काय होणार? मी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. पुरणपोळी आणि भजी जास्त झाल्याने पोटात वरच्या बाजूला जळजळतंही आहे, त्यावर ॲसिडिटीची गोळी घेते. तिची तपासणीची तारीख नेमकी शनिवारी आली होती. घरात कार्य आहे, पुढे ढकल, असं मीच सांगितलं. उद्या दोघं सर्जापूर रोडला परततील, तपासणीला ती आता येत्या सोमवारी जाईल.

तुझ्या गुडघ्यांचं कळव. चुड्यावरून भांडले तरी लोभ उणा करू नकोस.

तुझी,
नीलिमा

---

निपाणी
१५ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. नीलिमास,
अनेक उत्तम आशीर्वाद, रागावले असले तरी.

तुझं पत्र आत्ताच आलं. चहा तसाच गार झाला. माझं माप चुकलं? तू शाळेत पळायचीस, दुकानात आप्पांशेजारी मी बसायचे, हे विसरलीस वाटतं. गणपतीत सिद्धी इथे आली तेव्हा तिचा हात हातात घेऊन, दाबून पाहिलाय मी. माझीच एक बांगडी घालून बघितली, सुळकन गेली. त्याच मापाचा चुडा घेतला, वर पोटुशीचा हात थोडा भरतो म्हणून एक माप वाढवूनच घेतला. आणि तू म्हणतेस त्याहून दोन मापं मोठ्या लागल्या! पद्मनाभांना म्हणावं, चष्मा तुमचा बदला.

हे लिहून पेन खाली ठेवलं होतं, पुन्हा उचललंय. माप चुकलेलं नाही, नीलिमा. मग हातच तेवढा वाढला, आणि तोही अडीच महिन्यांत?

आप्पा एखाद्या पोटुशी बाईचा हात दाबायचे आणि बोटाचा खड्डा तसाच राहिला तर तिला बांगड्या भरायचे नाहीत. सूज उतरली की ये म्हणायचे. काच फुटून रुतेल एवढीच त्यांची भीती. अशीच परत पाठवलेली एक बाई, तुकारामाची सून, पुन्हा कधी आली नाही. बाळंतपणात गेली, असं नंतर कानावर आलं. त्या दोन गोष्टी मी आजवर एकत्र कधी ठेवल्या नव्हत्या.

मला डॉक्टरकीतलं काही कळत नाही. पण तुझं पत्र परत वाचलं. डोकं, काजवे, पोटातली जळजळ, भरलेला चेहरा. सोमवारपर्यंत थांबू नका.

शेजारच्या व्यंकोजींना हाक मारते, त्यांच्या फोनवरून बोलते. मला ऐकू येणार नाही, पण बोलता तर येतं. पत्र उद्या टाकीन.

आशीर्वाद आहेतच, पोरीला जास्त.

अक्का

---

सर्जापूर रोड, बेंगळुरू
२७ नोव्हेंबर २०२५

ती. अक्कास,
पायांवर डोकं ठेवून सा. न. वि. वि.

व्यंकोजींनी थोडंफार सांगितलं असेलच. तरी सगळं मी लिहिणार, त्याशिवाय मला झोप लागायची नाही.

त्या शनिवारी तू फोनवर इतकी ओरडत होतीस की ह्यांनी फोन कानापासून लांब धरला. सोमवारी जातेच आहे ती, असं मी सांगत राहिले, पण तू माझं एक अक्षर ऐकलं नाहीस. तुझा कान चांगला असता तर मी तुला गप्प केलं असतं, अक्का. तुझं ऐकून घेतल्याशिवाय सुटका नव्हती, म्हणून शुभंकरला कळवलं. त्याने सिद्धीच्या पायावर बोट दाबलं आणि खड्डा तसाच राहिला. पुढचं त्याने कोणाला विचारलं नाही, सरळ गाडी काढली.

आम्ही येलहंक्याहून पोचेपर्यंत तिला जवळच्या इस्पितळात तातडीच्या विभागात घेतलं होतं. डॉ. प्रियदर्शनी नावाची तरुण मुलगी ड्यूटीवर होती. सिद्धीने तिला आधी ॲसिडिटीचंच सांगितलं. त्या मुलीने ते ऐकून घेतलं, पण गोळी देऊन वाटेला लावलं नाही. बीपी पाहिलं, थोडं थांबून परत पाहिलं. वरचा आकडा एकशे सत्तरच्या पुढे! मग डोकं कधीपासून दुखतंय, डोळ्यांपुढे काय दिसतं, पोटात नेमकं कुठे दुखतं, सगळं शांतपणे विचारलं. बरगडीखाली उजवीकडे हात लावताच सिद्धी कळवळली. लघवीत प्रथिनं निघाली. याला प्री-एक्लॅम्प्सिया म्हणतात, गरोदरपणात बीपी चढतं आणि मेंदू, यकृत, मूत्रपिंड सगळ्यांवर ताण येतो, असं तिने आम्हाला बसवून समजावलं. आणखी एक-दोन दिवस असेच गेले असते तर झटके आले असते, मग आई आणि बाळ दोघांचाही भरवसा नव्हता.

बीपी उतरवायचं औषध, झटके येऊ नयेत म्हणून सुई आणि बाळाच्या फुप्फुसांसाठी वेगळं इंजेक्शन, सगळं एकामागून एक सुरू झालं. अंगात स्वल्प, म्हणजे थोडं, गरम वाटेल, घाबरू नको, असं नर्सबाई सिद्धीला सांगत होत्या. त्या दर थोड्या वेळाने गुडघ्यावर छोटी हातोडी मारून बघायच्या, श्वास मोजायच्या.

सलाईन लावायला हात मोकळे हवे होते. डावीकडच्या चिकपेटेच्या बांगड्या निघाल्या. उजवीकडे तुझा चुडा मांसात रुतला होता. नर्सबाई बांगड्या फोडायला चिमटा घेऊन आल्या, पण बाळंतपणाआधी हिरवा चुडा उतरवायला माझं मन धजेना. सिद्धी माझ्याकडे बघत होती. मग मीच पुढे झाले. तिच्या मनगटावर पदर घातला आणि आप्पा करायचे तशी एकेक बांगडी अंगठ्याने दाबून वाढवली. एक ओरखडाही उठला नाही.

चार दिवस बीपी ताब्यात होतं. मग रक्ताच्या तपासण्या बिघडल्या आणि सिझेरियन करावं लागलं. मुलगी झाली. इतकीशी आहे, काचेच्या पेटीत असते, नळीने दूध घेते. डॉक्टर म्हणतात, रोज एक दिवस जिंकायचा. सिद्धीचं बीपी उतरतंय.

मी डॉ. प्रियदर्शनींना विचारलं, डोहाळजेवणामुळे झालं का हे? त्या म्हणाल्या, डोहाळजेवणामुळे नाही, पण तपासणीची तारीख पुन्हा कधी चुकवू नका. रागावल्या नाहीत, म्हणून जास्त लागलं. मी हात जोडले, तेव्हा त्यांनी विचारलं की वेळेवर आणलं कोणी? तुझं नाव सांगितलं.

मी तुझी ऋणी आहे, अक्का. तोंडावर म्हणायला जमणार नाही. बाळासाठी देवाजवळ बोल आणि माझ्यावर माया ठेव.

तुझी,
नीलिमा

---

सर्जापूर रोड, बेंगळुरू
१८ जानेवारी २०२६

ती. अक्कामावशींना,
सिद्धीचा शि. सा. न. वि. वि. (हे बरोबर लिहिलंय ना? आईंनी शिकवलं.)

आयुष्यातलं हे माझं पहिलं पत्र, त्यामुळे चुका पोटात घाला. पिल्लू घरी आलंय! वजन हळूहळू वाढतंय, आता अंगावर पिते, आणि भूक लागली की सोसायटीच्या गेटपर्यंत ऐकू जाईल एवढी ओरडते. शुभंकर म्हणतो, अक्कामावशीवर गेलीय. माझ्या बीपीच्या गोळ्या बंद झाल्या. काल फॉलो-अपला गेलो तेव्हा डॉ. प्रियदर्शनी खाली येऊन तिला बघून गेल्या. त्यांचं बोट तिने मुठीत धरलं ते सोडेना. मला तिथेच रडू आलं.

एक सांगायचं होतं. आज संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी आईंनी कपाट आवरताना तुम्ही पाठवलेल्या चुड्याचा डबा काढला. डाव्या हाताच्या बांगड्या त्यात तशाच होत्या. आई साबण आणायला वळल्या, तेवढ्यात मी एक घातलीसुद्धा. सुळकन गेली, मग दुसरी, मग सगळ्या. आई म्हणाल्या, अक्काला लिही, चुडा बरोबर मापाचा होता. मी म्हटलं, तुम्हीच लिहा की. तर डोळे पुसत स्वयंपाकघरात निघून गेल्या. म्हणून मी लिहितेय.

बारसं तुम्ही आल्याशिवाय करायचं नाही असं ठरलंय. तिच्या पहिल्या बांगड्या तुम्हीच भरायच्या. माप फोनवर विचारू नका, ऐकू येणार नाही. या, आणि तिचा हात हातात घेऊन बघा.

तुमच्यामुळे हे पत्र लिहायला उरलेली,
सिद्धी