कुंकू लागलेला कॉम्प्युटर

कारखाना वसाहत, कोपरगाव
१२ जुलै १९९८

प्रिय चेतन,

आम्ही इकडे सगळे बरे, तू तिकडे बरा असशीलच, म्हणून सरळ कामाचं लिहिते. तुझी शेवटची पेटी एसटीने धडपणे पोहोचली. आत काय आहे ते सांगितल्याशिवाय कंडक्टर पेटी सोडायला तयार नव्हता. मी म्हटलं, मोटारींची शर्यत. त्याने दोनदा माझ्याकडे बघितलं आणि पेटी दिली.

चादर अंथरून सगळे भाग मांडले. तू लिहिलंस तसा अंगातली वीज उतरवायला आधी खिडकीच्या गजाला हात लावला, मग मदरबोर्डला. प्रोसेसर बसला, त्याच्यावरचा पंखा बसला, मेमरीची पट्टी खट्कन बसली. ज्या ग्राफिक्स कार्डावरून आपण पत्रांतून इतकं भांडलो, तेही बसलं. तू म्हणत होतास, हिशेब-टायपिंग करायचं तर त्या कार्डाची गरज नाही. अरे, पण मला हिशेब करायचाच नव्हता. दिवाळीत पुण्याला तुझ्या दुकानात तो खेळ पाहिला तेव्हापासून मला एवढंच बघायचं होतं, की डबा रिकामा असताना त्यात रस्ता, झाडं, ढग येतात कुठून. आणखी एक सांग. बटणाएवढ्या सेलवर हा बंद असतानाही वेळ कसा मोजतो? नानांना विचारलं तर म्हणाले, सेल संपला की कळेल. कारखान्याच्या काट्यावर ऊस मोजून मोजून आमचे नाना असे झाले आहेत.

आता पुढचं वाच आणि हसू नकोस. कमी पडलेले स्क्रू आणायला मी बाजारात गेले, झाकण उघडंच होतं. तेवढ्यात आईने पूजा उरकली. नवी वस्तू घरात आली की तिची पूजा व्हायचीच, नानांच्या लूनापासून मिक्सरपर्यंत कुणी सुटलेलं नाही. पण त्या सगळ्यांची झाकणं बंद होती. आईने कुंकू पाण्यात कालवून दिसेल त्या भागाला बोट लावलं, अक्षता टाकल्या, वर फुलाने पाणी शिंपडलं. नारळ तेवढा नानांनी बाहेर नेऊन फोडला. मी परतले तेव्हा शेजारच्या गोजरबाई बघायला हजर होत्याच. त्यांनी आईला काहीतरी विचारलं आणि आई हसली. ते जाऊ दे.

चालू केला तर पडदा काळा, आणि आतून नुसतं टीं टीं टीं. पंखाही फिरेना, कारण त्यात अक्षत अडकलेली. लगेच बंद केला. आईला म्हटलं, अगं काय केलंस हे. ती म्हणाली, "देवाचं कुंकू हाय. त्यानं कुनाचं वाईट व्हत न्हाई." मी चिमट्याने पंख्यातली अक्षत काढली.

ते टीं टीं नेमकं काय सांगतं? किती वेळ सुकू द्यायचं? कार्ड गेलं असं तुला वाटत असेल तर ते पत्रात सगळ्यात शेवटी लिही.

राखीपौर्णिमेला मामांबरोबर तूही येणार का, असं आईने विचारलंय. त्याचं उत्तर तिलाच धाड.

सुकन्या


कोपरगाव
३० जुलै १९९८

प्रिय चेतन,

परवा नागपंचमी झाली, पुरणाची दिंडं झाली, तब्येती ठीक आहेत. तुझं पत्र वाचलं आणि आधी खोडरबर शोधलं. मेमरीची पट्टी उपसली तर तिच्या सोनेरी दातांवर कुंकवाचा पापुद्रा. तू सांगितलंस तसे हलक्या हाताने दात पुसले, खाच ब्रशने झाडली. ब्रश नानांचा दाढीचा होता, हे त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. बटण दाबलं. एकच टीं झालं, आणि पडद्यावर पांढरी अक्षरं यायला लागली. मला इतका आनंद झाला की मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच पाणी पिऊन आले.

कार्डही शाबूत आहे. नाना रोज शर्यत खेळतात. रस्त्याच्या डाव्या बाजूने जातात, मागून गाडी आली की तिला वाट देतात, आणि शेवटचे आले की म्हणतात, "पोचलो न्हवं, बास झालं." मी खेळते कमी, बघत जास्त बसते. गाडी वळली की तिची सावलीही वळते. ती कुठे पडायची हे दर खेपेला कोण ठरवतं? कार्ड काढून पाहिलं तर खेळ तुटक तुटक चालतो आणि सावली नाहीशी होते. पुन्हा बसवलं की सावली परत. म्हणजे सावली कार्डात राहते, इतपत मला समजलंय.

इथल्या कॉम्प्युटर क्लासच्या बाई मशीन बघून गेल्या. क्लाससाठी असेच जोडून देशील का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. इतक्या मनापासून मी आजवर कशालाच हो म्हटलेलं नाही.

आता टाळत आले ते लिहिते. त्या दिवशी गोजरबाईंनी आईला विचारलं होतं, "सासरहून आलंय व्हय?" आणि आई नाही म्हणाली नाही. भाग माझ्या शिकवण्यांच्या पैशांतून आले, तू फक्त पुण्याहून धाडलेस, हे कुणाच्या लेखीच नाही. गेल्या आठवड्यात मामा सोनईहून आले होते. मशीन बघून म्हणाले, आता हे उघडमीट करू नका, नीट झाकून ठेवा, रुखवतात मांडू. पौर्णिमेला आपल्या दोघांची सुपारी फोडायची ठरली आहे. तुला सांगितलं असेल तर मला ठाऊक नाही. मला स्वयंपाकघरातून ऐकून कळलं.

मी आईला सांगितलं, मला हे लग्न करायचं नाही. ती चिडली नाही. पीठ मळता मळता म्हणाली, "तुज्या न्हाईनं माजं माहेर तुटंल, एवढं ध्यानात ठेव." तिला एकच भाऊ. वर्षातून एकदा सोनईला जाते, तेवढेच चार दिवस ती कुणाची सून नसते की आई नसते. ते तिच्याकडून हिरावून घेण्याची माझी हिंमत नाही. आणि पुण्यात सून होऊन हे काम सोडायची माझी तयारी नाही.

तुझ्यात काही उणं नाही, चेतन. तुझं पत्र आलं की मी ताटावरून उठून वाचते. पण त्यात मी कोणती वायर कुठे जाते ते शोधते, तू कसा आहेस ते शोधत नाही. तुझ्याही पत्रांत वायरीच असतात, म्हणून मला वाटतं तुझंही तसंच असावं. तसं नसेल तर मी आज तुला दुखावते आहे, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

लहानपणी मी तुला राखी बांधायला धावायचे आणि आई मागे ओढायची. मामाच्या मुलाला बांधत नसतात, एवढंच सांगायची. का नाही, हे मी किती वर्षं विचारलं. या पौर्णिमेला आईने मामांना राखी बांधली की, सुपारी निघायच्या आत, मी दुसरी राखी घेऊन तुझ्यासमोर बसणार आहे. तू हात पुढे केलास तर नकार आपल्या दोघांचा होईल, आणि मामांना त्याचा राग एकट्या आईवर काढता येणार नाही. नाही केलास तर राखी ताटात ठेवीन आणि तोंडाने नाही म्हणेन. म्हणेन हे नक्की. तू फक्त यायचं टाळू नकोस.

तुझं उत्तर त्या दिवशी दिसेलच, तरी मी माझ्या बाजूने आजच लिहिते,

तुझी बहीण,
सुकन्या