गुडघ्यातली सुई

बाबा, तुमच्याशी एक भांडण राहून गेलंय. तुम्ही असताना ते जमलं नसतं, कारण वाद अंगाशी आला की तुम्हाला गोठ्यातली म्हैस आठवायची. आता म्हैसही नाही आणि तुम्हीही नाही, तेव्हा ऐका.

मी सौदीत अल खर्जला आहे. वाळवंटात दुधाचा मोठा कारखाना आहे, त्याच्या वाढीव प्लांटचं काम चाललंय. इथल्या गायींना छप्पर आहे, पंखे आहेत, अंगावर पाण्याचे फवारे आहेत. प्लांट जोडणाऱ्या माणसांना ऊन आहे. मी ऑफिसात कारकून, म्हणजे गाय आणि वेल्डर यांच्या मधला प्राणी. आमचा सुपरवायझर अमेरिकन, साठीचा. त्यांच्याकडे रात्री होणारा बेसबॉलचा सामना इथे सकाळी दिसतो, म्हणून चहाच्या सुट्टीत त्याचा टीव्ही चालू. हा खेळ म्हणजे क्रिकेटचा दूरचा भाऊ, बॅट तेवढी मुसळासारखी गोल. त्या दिवसांत एक आडदांड फलंदाज जुना विक्रम मोडायला निघाला होता आणि तो सुया टोचून फुगलाय असं सगळे बोलत होते. त्याने चेंडू प्रेक्षकांत टोलवला की आमचा म्हातारा टीव्हीकडे पाठ करायचा. "हे मोजायचंच नाही," म्हणायचा. "आमच्या वेळचे खेळाडू पावाचा तुकडा खाऊन आणि बिअर पिऊन मारायचे. ती माणसंच वेगळी."

मला हसू फुटलं, कारण पाव आणि बिअर काढून नाचणीची भाकरी आणि सुकट घातली की तो तुमचाच आवाज होता. "आमच्या वेळचे गडी दमावर खेळायचे, आताची पोरं गोळ्यांवर." किती वेळा ऐकलं असेल मी हे. तुम्ही ओट्यावर बसलेले, उजवा पाय सरळ लांब केलेला, आणि समोर गावातली पोरं तोंडं उघडी टाकून. जिल्ह्याच्या कबड्डीच्या अंतिम सामन्यात चौघांना ओढत रेषेवर आणलंत, तिथे गुडघा गेला आणि पुन्हा कधी वाकला नाही. ज्याच्या पायाची गोष्ट होते, त्याला पायाचं दुःख कमी होत असावं.

माझ्या खोलीत गुहागरकडचा एक वेल्डर आहे. आहे म्हणजे होता. हात डोक्याच्या वर धरून पाइप जोडण्यात त्याच्यासारखा कोणी नाही, आणि तेच करून त्याचा खांदा गेला होता. कॅम्पच्या दवाखान्यातला माणूस त्याला रोज सकाळी दुखणं मारायची सुई द्यायचा आणि हा परांचीवर चढायचा. सुपरवायझरला हे ठाऊक होतं. रमझानच्या आधी प्लांट सुरू व्हायला हवा, असं कफीलने, म्हणजे आम्हाला व्हिसा देऊन आणणाऱ्या अरब मालकाने, बजावलं होतं. मी एकदा विचारलं, "सर, टीव्हीतल्या त्या माणसाला शिव्या देता, मग याचं काय?" तो खरोखर गोंधळला. म्हणाला, "तो विक्रमासाठी घेतो. हा कामासाठी घेतो." म्हणजे खेळाडूने टोचून घेतलं तर फसवणूक, वेल्डरने घेतलं तर हजेरी.

मग एक शुक्रवार. आम्ही दुपारी बांगड्याचं कालवण करतोय. तो फळीवरचं पातेलं काढायला हात वर करतो आणि पातेलं त्याच्या डोक्यावरून खाली येतं. हात तसाच लोंबतोय, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.

"उद्या वर चढू नकोस," मी म्हटलं. "पडशील. नाही पडलास तर हात कायमचा जाईल."

"आनि कफील काय मला पाळन्यात घालून झोका देनार हाय? गप ऱ्हावा, दादा."

"सुईवर किती दिवस काढशील?"

"प्लांट व्हईस्तवर." मग हसला. "तुमच्या बापसाला बगितलंय मी. चुलत्याच्या खांद्यावर बसून. चौघं लटकलेले, आनि हा बाबा चाललाच हाय! तवा कुठं व्हती सुई? ती मानसं लोखंडाची, दादा. आमी भुशाची. म्हनून आमाला टोचावं लागतं."

तेव्हा मी सांगितलं. आईने तुमच्या बाराव्यानंतर मला फोनवर सांगितलं होतं तसंच. सामन्याच्या सकाळीच गुडघा सुजलेला होता. तालुक्याहून कंपाउंडर आणला, सुई घातली, पाय बधिर झाला. म्हणून तुम्हाला कळलंच नाही आत काय फाटतंय ते. चौघांनी नाही मोडला तो गुडघा, बाबा. सुईने मोडला.

"खोटं!" तो ओरडला. स्टोव्ह बंद केला. कालवण अर्धं कच्चं. मग हळू आवाजात म्हणाला, "तुमचा बापूस गेला तवा तुमी हितंच व्हतात ना? खांदा द्यायला पन गेला नाय. आनि आता ह्ये सांगताय?"

त्यानंतर तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. सकाळी मी ऑफिसच्या खिडकीत उभा. तिथून दवाखान्याचं दार दिसतं आणि परांचीही दिसते. तो खोलीतून निघाला, दवाखान्यापाशी थांबला. आतल्या माणसाने हाक मारली. तो वळला आणि सरळ आमच्या ऑफिसात आला. टीव्ही चालू होता. म्हाताऱ्यापुढे उभं राहून त्याने उजवा हात उचलला, तो छातीपर्यंत आला आणि पडला. "खलास, सर." म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. भाषांतर करण्यासारखं त्यात काही नव्हतं.

कफीलने त्याला एक्झिट, म्हणजे कायमचा परतीचा शिक्का, देऊन घरी पाठवलं. जाताना माझ्याशी बोलला नाही. रत्नागिरीचे डॉक्टर म्हणतात, खांदा वाचेल. नोकरीबद्दल डॉक्टर काही म्हणत नाहीत. म्हाताऱ्याने दुसरा वेल्डर मागवलाय, आणि तो जुन्या खेळाडूंबद्दल अजून तेच बोलतो. मी मान हलवतो.

हे पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. त्याचा हात वाचावा म्हणून मी तुमची गोष्ट मोडली, असं मी इथे सगळ्यांना सांगतो, आणि ते खरंच आहे. पण तो "खोटं" म्हणून ओरडला ना, बाबा, तेव्हा तुमच्याशी भांडण जिंकल्यासारखं मला जरा बरं वाटलं होतं.