समजावून धाडणं

आबा, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. आज मी ज्या कामाचा पगार घेते ते काम तुम्ही माझ्याआधी फुकट करायचात. मारहाणीला कंटाळून एखादी बाई माहेरी आली की तिच्या घरचे तिला घेऊन आपल्या ओट्यावर यायचे. तुम्ही भातसानगरला धरणाच्या ऑफिसात कामाला, चार बुकं शिकलेले, दारूला न शिवणारे, म्हणून वस्तीत तुमच्या शब्दाला वजन होतं. आधी बाईला चहा द्यायचात, मग नवऱ्याला बोलावून सगळ्यांदेखत झापायचात आणि दोघांना समजावून परत धाडायचात. त्यातले काही नवरे खरोखर सुधारले. हे मुद्दाम लिहिते, कारण मी नुसता राग काढायला बसलेली नाही.

पण आत्याचा दिवस मला विसरता येत नाही. मी दहा वर्षांची आहे. मुरबाडकडे दिलेली आत्या सकाळच्या एसटीने आली आहे, अंगावर घरात नेसायची साडी, हातात एक पिशवी. आई तिला चुलीपुढे बसवून भाकरी वाढते. संध्याकाळी तुम्ही कामावरून आलात, सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, शेवटची गाडी अजून मिळेल. आत्या म्हणाली, "दादा, चार दिस राहू दे. मी काय कायमची नाय आले."

"गावच्या पोरी मी समजावून धाडल्या," तुम्ही म्हणालात. "आता सख्ख्या बहिणीला ठेवून घेतली तर उद्या माझा कोण ऐकेल?"

तुमच्या मनात खोट नव्हती. सगळ्यांना एकच न्याय, एवढंच तुम्हाला दिसत होतं. शहापूरच्या स्टँडवर तुम्ही तिला खिडकीची जागा धरून दिलीत, पिशवी मी चढवली. पुढच्या वेळी ती आली तेव्हा तिला उजव्या कानाने ऐकू येत नव्हतं. त्यानंतर तुम्ही नेहमी तिच्या डाव्या बाजूला बसायचात. त्याबद्दल तोंडातून एक शब्द काढला नाहीत. मला तुमची चीड यायची. अजूनही येते.

आता मी शहापूर आणि मुरबाडच्या पाड्यांवर बायकांच्या बैठका घेते. सुरुवातीला मी शहाणपणा केला. 'कौटुंबिक हिंसाचार' असा मोठा बॅनर शाळेच्या व्हरांड्यात लावला, तर पुढच्या रांगेत सगळे पुरुष येऊन बसले आणि मागून बायका एका सुरात म्हणाल्या, आमच्याकडे असलं काय नाय. तेव्हापासून बॅनर घरीच आहे. लावणीच्या दिवसांत मी साडी खोचून त्यांच्याबरोबर शेतात उतरते. सगळ्या खाली वाकलेल्या असतात, कुणाला कुणाचं तोंड बघावं लागत नाही. रोपं लावता लावता एक बोलते, मग तिच्या शेजारची. कायदा काय म्हणतो, तालुक्याला कुठल्या टेबलावर जायचं, हे मी तिथे चिखलातच सांगते. बायका ऐकतात, प्रश्न विचारतात, एखादी चावट बोलून सगळ्यांना हसवतेही. एक गोष्ट मी प्रत्येक शेतात सांगत आले, की मार खाऊन आलेल्या बाईला कुणी 'थोडं थांब' म्हणायचं नाही.

गेल्या सोमवारी आपल्या धाकट्याची बायको माझ्या दारात आली. मनगट सुजलेलं होतं. तुमच्या मुलाने पिरगाळलं, आणि ही पहिली वेळ नव्हती. मी तिला आत घेतलं, लेप लावला, चहा दिला. मग म्हणाले, दोन दिवस थांब, मी त्याच्याशी बोलून बघते, तसा तो मनाने वाईट नाही. हे मीच बोलले, आबा. अगदी शांतपणे.

तिने कप खाली ठेवला. "ताई, पाड्यावरच्या बाईला तुमी असाच सांगता काय?"

मला लाज वाटली. मी उठून कोरा अर्ज आणला. ती सांगत गेली, मी लिहीत गेले, कधी, कुठे, कशाने. असे अर्ज मी इतके भरलेत की हात आपोआप चालतो. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचं पूर्ण नाव लिहायचं असतं. भावाचं नाव लिहिलं. त्याच्यापुढे वडिलांचं, म्हणजे तुमचं. तिथे पेन थांबलं, आणि ते दोन दिवस मी कुणासाठी मागत होते ते मला कळलं.

लिहिलं मी. दुसऱ्या दिवशी तिला बरोबर घेऊन तालुक्याला गेले आणि अर्ज देऊन पोच घेतली. आता ती माझ्याकडेच आहे, धाकटा माझ्याशी बोलत नाही, आणि हे पत्र द्यायला कुठलंच ऑफिस नाही. तुम्हाला एवढंच सांगायचं होतं, की त्या ओळीत तुमचं नाव मी बाकीच्या अक्षरांपेक्षा बारीक काढलं.