यशयामामांची लढाई आणि आठवीचा वर्ग

आदरणीय यशयामामांना सोनईहून भाची लिडियाचा सप्रेम सलाम. प्रभूच्या दयेनं इकडं सगळे ठीक आहेत, तुमचा गुडघाही ठीक असावा. सिल्व्हियामामींना सांगा, लोणचं पोहोचलं आणि संपलंसुद्धा. (बरणी परत द्यायची आहे हे माझ्या लक्षात आहे, त्यांनी आठवण करून देऊ नये.) फोन असताना ही बया पत्र का लिहिते, असं म्हणाल. फोनवर तुम्ही मला बोलू देता का? पत्राला मधेच तोडता येत नाही, म्हणून.

तर मामा, तुमची भाची सध्या लई जोरात आहे! यंदा आठवीला मी खऱ्या घडलेल्या गोष्टी वाचायला शिकवते आहे. लोकांच्या आठवणी, प्रवास, आणि मुख्य म्हणजे लढाईवरून परत आलेल्यांनी सांगितलेलं. पोरांचा हात आधी असा बसला होता की काहीही वाचायला द्या, खाली वाक्य ठरलेलं: 'या पाठातून आपल्याला देशप्रेमाची शिकवण मिळते.' मी मुद्दाम कांद्याच्या रोपांवरचा लेख दिला, तर त्यातूनही देशप्रेम निघालं! मग मी फर्मान काढलं. वर्गात 'शिकवण' हा शब्द बंद. त्याऐवजी सांगणाऱ्याला विचारायचं, तुम्ही तिथं होतात का, स्वतः पाहिलंत की ऐकलंत, आणि सांगायचं काय गाळलंत? (आपल्या मंडळीतल्या दोन पोरांनी हेच रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांना विचारलं. ते अजून माझ्याशी मोजकंच बोलतात.)

पण माझी कीर्ती खरी पसरली ती वाल्मिकमुळं. माझ्या वर्गातला हा पोरगा त्याच्या चुलत आजोबांच्या, तात्यांच्या, दशक्रियेला बसला होता. आपल्याकडची रीत तुम्हाला माहीतच आहे, कावळा शिवला की पुढारी माईक धरतात. ज्यानं मयताचं तोंड आयुष्यात पाहिलं नाही त्याचाच कंठ आधी दाटून येतो. तर एक पुढारी उठले आणि म्हणाले, तात्यांनी मला मांडीवर खेळवलं. (पुढारी तात्यांपेक्षा वयानं मोठे!) झालं, वाल्मिक उभा राहिला आणि विचारता झाला, "सायेब, ह्ये तुमी सोता पाह्यलं का कुनाकडून ऐकलं?" मंडप हसला, मामा. दहाव्याला मंडप हसला! म्हणे तात्यांची विधवा बहीणसुद्धा पदराआड हसत होती. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला बोलावून सांगितलं की वाचन वर्गापुरतं ठेवा. मी मान खाली घातली, पण आतून अशी फुगले होते की दारातून बाहेर कशी पडले ते माझं मला ठाऊक. अहो, सबंध नगर जिल्ह्यात एवढं चांगलं कुणी वाचत असेल तर दाखवा!

त्याच तोऱ्यात मी वर्गाला तुमची गोष्ट दिली. दर नाताळला जेवणं झाल्यावर तुम्ही सांगता तीच, कारगिलच्या डोंगरातली. तुमच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे लिहून काढले. सैनिकाची म्हटल्यावर मुख्याध्यापकही खूश, आणि त्यातूनच शनिवारच्या कार्यक्रमाला तुम्हाला प्रमुख पाहुणे म्हणून बोलवायचं ठरलं. तुम्ही हो म्हणालात तेव्हापासून वर्गाला दम नाही. तुमचा जोडीदार आसाराम, त्याचं घोरणं, बर्फ वितळवून केलेला आणि साखरेऐवजी मीठ टाकलेला त्याचा चहा, यावर पोरं बाकं बडवून हसली. आणि मग त्यांनी काय लिहिलं म्हणता! एकानं लिहिलं, शूर माणसाचे पायही गारठतात हे मला माहीत नव्हतं. पूजा नावाच्या मुलीनं लिहिलं, मामा भीतीचं सांगायला लागले की लगेच विनोद करतात. देशप्रेमाचं वाक्य एकाही वहीत नाही. मला रडू आलं, मामा, खरंच सांगते. इतका अभिमान मला स्वतःच्या नोकरीचा कधी वाटला नव्हता.

मामींना नमस्कार, कोल्हारच्या सगळ्या पोरासोरांना आशीर्वाद. शनिवारी गुडघ्याला पट्टा बांधून या.

तुमची भाची,
लिडिया

ता. क. पत्राचं खरं कारण वर लिहायचा धीर झाला नाही. आरती म्हणून एक मुलगी आहे, वर्गात तोंड उघडत नाही. शाळा सुटल्यावर ती माझ्याकडे आली आणि हळूच म्हणाली, "बाई, डोंगर चढताना च्या आसाराम करतो. उतरताना मामा करत्यात. मग आसाराम कुठं गेला?" मी सगळी गोष्ट पुन्हा वाचली. आसाराम वर जातो, खाली येताना कुठंच नाही. आपल्या घरात इतके नाताळ झाले, आम्ही सगळे त्या खारट चहावर हसलो, पण हे दिसलं आरतीला. तीच म्हणाली, सगळ्यांसमोर विचारलं तर त्यांना वाईट वाटंल, तुमी आदी पत्रानं विचारा.

ता. क. दुसरा. सांगावंसं वाटलं नाही तर चहाचंच सांगा, आम्ही पोटभर हसू, आरतीसुद्धा हसेल, तिनं तसं कबूल केलं आहे. पण सांगावंसं वाटलं, तर शाल, नारळ, माईक काही नको असं मी मुख्याध्यापकांना बजावलं आहे. खाली सतरंजीवर बसू. आसारामला तुम्ही इतकी वर्षं एकट्यानं सांभाळलंत, मामा. आता थोडा आमच्याकडेही द्या.